पायथ्याचं साल

रेवदंड्याच्या पुळणीवर सुरूच्या बनातून बाहेर आलं की समुद्राला टेकलेला काळा तट दिसतो. भरतीचं पाणी त्याच्या पायथ्याशी येऊन आपटतं. चुन्याचे सांधे जागोजागी मोकळे झालेत, वड-पिंपळाची मुळं दगडांच्या फटीतून खाली उतरलीत. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, नांदती घरं. दक्षिणेला कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर पाण्यात घुसलेला. १७४० च्या तहानं मराठ्यांकडे येईपर्यंत हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा होता. पण हा तट त्यांनी आठवण म्हणून बांधला नव्हता. तोफेचा मारा सोसायला आणि बंदरात येणाऱ्या मालावर जकात घ्यायला बांधला होता.

आठवण म्हणून त्यांनी जे बांधलं ते लिस्बनमध्ये, टॅगस नदीच्या काठी, बेलें भागात आहे. ‘शोधांचं स्मारक’. पन्नास मीटरहून उंच, पाण्याकडे झेपावणाऱ्या जहाजाच्या नाळेसारखं, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकासारखं. नाळेच्या टोकाशी हातात छोटं गलबत घेतलेला, या सफरींना पाठबळ देणारा पोर्तुगीज राजपुत्र हेन्री, आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंच्या चढणीवर सोळा-सोळा माणसं. एकूण तेहेतीस. नदीतून पाहिलं तर जहाज दिसतं. जमिनीच्या बाजूनं गेलं तर दारावर उभी कोरलेली एक प्रचंड तलवार दिसते. पाडावं की ठेवावं, यावर पोर्तुगालमध्ये अजून भांडण चालू आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका खासदारानं हे पाडायला हवं होतं असं लिहिलं, ऑगस्टमध्ये कुणीतरी रात्री येऊन त्याच्या कुशीवर लांबलचक ओळ फवारली. पैशामागे आंधळेपणानं गलबतं हाकारली आणि माणुसकी लालभडक रंगाच्या समुद्रात बुडते आहे, अशा अर्थाची.

हे भांडण कोकणात बसून वाचताना ते परकं वाटत नाही, कारण त्या चढणीवरची बरीच माणसं आपल्या ओळखीची आहेत. वास्को द गामा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा आल्बुकेर्क आहे. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर आहे, आणि त्याला ज्याच्या ताफ्यातून आणलं तो गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझाही आहे. १४८८ च्या सुमारास व्यापाऱ्याच्या वेशात मलबार आणि गोव्याची बंदरं हेरून गेलेला पेरू द कोव्हिल्यां आहे. १५५३ मध्ये गोव्याला आलेला महाकवी कामोंइश आहे. बाई एकच, हेन्रीची आई, राणी फिलिपा. पेरू द आलेंकेर हा पोर्तुगीज सुकाणदार आहे. पण १४९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतपर्यंत भर समुद्रातून ज्यानं गामाला वाट दाखवली, तो मालिंदीत मिळालेला सुकाणदार तिथे नाही. आपल्याकडे तांडेलाशिवाय होडी निघत नाही. त्या दगडी जहाजावर मात्र वाट माहीत असलेल्या माणसालाच जागा नाही.

स्मारक वाचायची एक साधी रीत आहे, आणि ती याच किनाऱ्यावरची आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे येताना वाटेत आक्षी लागतं. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. वर चंद्र-सूर्य, खाली मजकूर: राजा कोण, प्रधान कोण, देवीला काय दिलं, केव्हा दिलं. केव्हा, कोणी आणि काय. कुठल्याही स्मारकापाशी हेच प्रश्न धरावेत, आणि आधी सालाचा. स्मारकात दाखवलेल्या घटनेचं साल बाजूला ठेवायचं आणि ते उभं केल्याचं साल शोधायचं. बहुतेक वेळा ते पायथ्याशी बारीक अक्षरात असतं, आणि तेच सगळ्यात जास्त सांगून जातं.

लिस्बनच्या स्मारकाला अशी दोन सालं आहेत.

पहिलं १९४०. त्या वर्षी सालाझारच्या हुकूमशाही राजवटीनं लिस्बनला ‘पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन’ भरवलं. वास्तुरचनाकार कोत्तिनेल्ली तेल्मू आणि शिल्पकार लिओपोल्दू द आल्मैदा यांनी हे जहाज त्या प्रदर्शनासाठी बनवलं. ते दगडाचं नव्हतं. हलका लोखंडी सांगाडा, वरून सिमेंटचा थर आणि पुतळे तागाचं बळ दिलेल्या प्लास्टरचे. म्हणजे मखरच. प्रदर्शन संपलं की उतरवायचं.

हे तंत्र रेवदंड्याहून फार लांब नसलेल्या पेणला ज्यानं पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागणार नाही. तिथे गणपतीच्या कारखान्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि काथ्या यांची हीच जोडी असते. पाण्यात पावडर भुरभुरवत टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात आणि साच्यात बुडबुडे राहतात. साधारण दहा किलो पावडरीला सहा-सात लिटर पाणी. पहिला हात पातळ, ब्रशनं, नाक-डोळ्यांच्या खाचांत नीट बसेल असा. तो आवळायला लागला की प्लास्टरात बुडवलेला काथ्या उलटसुलट पसरायचा आणि वर दुसरा हात द्यायचा. सगळं मिळून जाडी एक-दीड सेंटिमीटर. हाताशी वेळ दहा ते पंधरा मिनिटं. त्यानंतर पाणी घालून मिश्रण सैल केलं तर ते दिसायला ठीक, पण वाळल्यावर पिठासारखं सुटतं. काथ्या कमी पडला तर मान आणि मनगट या दोन ठिकाणी हमखास चीर जाते. आणि कितीही चांगलं केलं तरी ते पाण्याचं नाही. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतंच, आतलं लोखंड गंजून फुगतं आणि वरचा थर फोडून बाहेर येतं. कोकणातला एक पावसाळा त्याला पुरे. लिस्बनला पाऊस कमी, तरी शेवटी ते उतरवावं लागलं.

दुसरं साल १९६०. हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून तेच जहाज पुन्हा उभं केलं, या वेळी काँक्रीटमध्ये. बाहेरून लैरियाचा गुलाबी छटेचा दगड, पुतळ्यांना सिंत्राचा चुनखडक. हेन्री नऊ मीटर उंच, बाकीचे सात. तेल्मू १९४८ मध्येच वारले होते, त्यांनी आपलं जहाज दगडात पाहिलंच नाही. समोरच्या फरसबंदीवर पन्नास मीटर व्यासाचं दिशाचक्र आहे, मध्ये चौदा मीटर रुंदीचा जगाचा नकाशा, त्यावर कुठे कधी पोचले त्याची सालं. ही फरसबंदी दक्षिण आफ्रिकेनं भेट दिली, १९६० मध्येच. त्याच वर्षी २१ मार्चला त्या देशात शार्पव्हिलला वर्णद्वेषी सरकारच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. भेट देणारा कोण आणि कधी, हेही पायथ्याच्या सालासारखंच वाचायचं.

शंभर वर्षं नाही, मधे फक्त वीस वर्षं. मखर म्हणून केलेली वस्तू वीस वर्षांनी दगडात करावीशी का वाटली? तोवर आणि त्यानंतर लगेच काय काय घडलं ते सिंधुदुर्गातल्या माणसाला तोंडपाठ असतं. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली त्यांच्या हातून गेली. १९५५ च्या १५ ऑगस्टला बांद्यापलीकडे पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश नावानिशी नोंदवले, त्यात गोवाही होता. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. राज्य हातून निसटत असताना हे जहाज दगडाचं झालं, आणि त्यानंतर जेमतेम दीड वर्षात त्यातल्या आल्बुकेर्कनं घेतलेलं गाव गेलं. म्हणून हे स्मारक १४९८ चं आहे असं कुणी म्हटलं की मनापासून सांगावंसं वाटतं, ते १४९८ चं नाही. ते १९४० आणि १९६० चं आहे. ते गलबतांविषयी कमी आणि सालाझारच्या भीतीविषयी जास्त बोलतं.

याच १९६० मध्ये कामोंइशचा एक ब्राँझचा पुतळा जुन्या गोव्यात चर्चांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा केला गेला. तेच साल, तीच राजवट, तीच घाई. मुक्तीनंतर तो तिथेच राहिला, आणि लोकांचा विरोध वाढत जाऊन १९८३ मध्ये तिथून काढून शेजारच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात नेला. पणजीचा आल्बुकेर्कचा पुतळाही त्याच संग्रहालयात आहे. हा निर्णय योग्य होता असं माझं ठाम मत आहे. कवीवर राग म्हणून नव्हे. चौकातला पुतळा हा सरकारचा बोलका हात असतो, आणि ते सरकार गेल्यावर त्या हातानं तिथे बोट दाखवत राहण्याचं कारण उरत नाही. संग्रहालयात तो पुरावा होतो. भोवती फिरता येतं, मागून बघता येतं.

पुतळा हलवायचा ठरला तर घोषणांपेक्षा कष्टच जास्त असतात. ब्राँझ आतून पोकळ असतं, भिंत साधारण पाच ते दहा मिलिमीटरची, आणि आत बहुधा लोखंडाचा आधार. समुद्राच्या हवेत ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की लोखंड आधी खाल्लं जातं. म्हणजे वरून धडधाकट दिसणारा पुतळा घोट्याशी पोकळ झालेला असू शकतो. म्हणून आधी लहान कॅमेरा आत सोडून आधार पाहायचा. मग तोल कुठे आहे ते काढायचं. उगारलेला हात किंवा तलवार असेल तर तोल मधोमध नसतो. दोर मानेला किंवा हाताला कधीच नाही, कंबर आणि मांड्यांखालून, लोखंडी तारेऐवजी रुंद कापडी पट्टे, खाली फेल्ट. चौथऱ्यातले खिळे शिशानं भरलेले असतात, ते ड्रिलनं मोकळे करायचे, पहारीनं उचकटायचे नाहीत. क्रेननं आधी बोटभर उचलून दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि घोट्याशी चीर वाढते का ते बघायचं. घाईत झालेल्या कामात मोडतो तो घोटाच. आणि चौथरा रिकामा झाला की त्याचं काय, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रिकामा चौथरा सहा महिन्यांत कचरापेटी होतो.

फवारलेल्या रंगाचंही तसंच. चुनखडकावर आम्ल लावलं तर रंगाबरोबर दगडही फसफसून जातो. संगमरवरी पायरीवर लिंबू सांडल्यावर उठणारा डाग ज्यानं पाहिलाय त्याला हे ठाऊक आहे. वाळूचा मारा केला तर दगडाची वरची कडक कातडी निघते आणि खालचा मऊ भाग पुढच्या प्रत्येक पावसात झिजतो. योग्य रीत हळू आहे. आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर चाचणी. मग रंग विरघळवणारं द्रावण चिकणमातीत किंवा कागदाच्या लगद्यात कालवून एक सेंटिमीटर जाडीचा लेप, वर प्लास्टिक, म्हणजे द्रावण उडून न जाता रंगाला आतून ओढून घेईल. काही तासांनी लेप लाकडी पट्टीनं काढायचा, कमी दाबाच्या पाण्यानं धुवायचं, गरज पडली तर पुन्हा. तेही लवकर, रंग दगडाच्या छिद्रांत मुरायच्या आत. लिस्बनला ती ओळ लगेच पुसली गेली, आणि दगडाच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. पण तिथे जी गोष्ट कुणीतरी रात्री चोरून लिहिली, ती दिवसाढवळ्या, नीट अक्षरात, पायथ्याशी लिहायला हवी होती असंही वाटतं.

काय लिहायचं? माझ्या मते, तिथे एक कार्ताझ लावावा.

कार्ताझ म्हणजे समुद्रात जायचा परवाना. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठरवलं की या समुद्रात आमच्या कागदाशिवाय कुणी गलबत हाकारायचं नाही. चौल, दाभोळ, कालिकत, सगळ्यांना तो लागू. कागदावर गलबताचं नाव, नाखव्याचं नाव, गलबत केवढं, माणसं किती, हत्यारं कोणती, कुठून कुठे जाणार हे सगळं. काळी मिरी न्यायची बंदी, दारूगोळ्याची बंदी. परवान्याची फी फारशी नसे. खरी मेख पुढे होती: जाता-येता त्यांच्या बंदरात नांगर टाकायचा आणि तिथे जकात भरायची. कागद नसेल, किंवा कागदावर लिहिल्यापेक्षा वेगळा माल सापडला, तर गलबत जप्त. माणसांचं नशीब त्या दिवशीच्या कप्तानाच्या मर्जीवर. शेकडो वर्षं मोकळ्या असलेल्या पाण्यावर पहिल्यांदा दार बसलं आणि दाराशी पहारेकरी आला. रेवदंड्याचा तट हे त्या दाराचं एक बिजागर होतं.

तो कागद जहाजाच्या शिल्पाशेजारी मोठ्या अक्षरात लावला तर गामाचा पुतळा पाडायची गरज उरत नाही. शेजारी १५०२ चीही नोंद हवी. त्या वर्षी दुसऱ्या सफरीत त्यानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं. बघणाऱ्याला शिकवायला नको. दोन्ही समोर ठेवली की पुरे.

रेवदंड्यात आणखी एक स्मारक आहे, अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं. १४७० च्या सुमारास, म्हणजे गामाच्या तीसेक वर्षं आधी, तो रेवदंड्याला लागूनच असलेल्या चौलला उतरला होता, विकायला आणलेला एक घोडा घेऊन. तट नाही, तोफ नाही, परवाना नाही. समुद्र आधीच सगळ्यांना माहीत होता याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही, आणि तोही त्याच गावात.

आता तटाकडे. पाडायचं की ठेवायचं यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट विसरतात, की काही न करणं हेही पाडणंच आहे. वसईचा किल्ला, रेवदंडा, कोर्लई, वेंगुर्ल्याची डच वखार ही सगळी परक्यांच्या सत्तेची घरं, पण दगड आपल्या डोंगरातला, हात आपल्या पाथरवट-गवंड्यांचे. रेवदंड्याचा तो सातखणी मनोरा चर्चचा. छप्पर नाही, मजले नाहीत, आतून आभाळ दिसतं. तो पडला तर पोर्तुगीजांचं काही जाणार नाही. आपला पुरावा जाईल.

सगळ्यात मोठा शत्रू वाटतो पिंपळ, पण त्याहून वाईट सिमेंट. कुणीतरी आस्थेनंच, वर्गणी काढून, तटाचे मोकळे सांधे सिमेंटनं भरतं. जांभ्याच्या भिंतीत याचा परिणाम चार-पाच पावसाळ्यांत डोळ्यांनी दिसतो. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि सांध्यातल्या चुन्यातून बाहेर सोडतो. सिमेंटनं ती वाट बंद केली की पाणी चिऱ्यातूनच बाहेर पडतं, बरोबर समुद्राचं मीठ आणतं, आणि पृष्ठभागाशी मिठाचे खडे धरतात. खडे वाढले की चिऱ्याची कातडी सुटते. शेवटी चित्र असं दिसतं: सिमेंटच्या रेघांची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली आणि मधला चिरा वाटीसारखा आत खचलेला. हात फिरवला की तांबडी भुकटी हाताला लागते. भिंतीपेक्षा सांधा कधीही मऊ असावा, हा गवंड्यांचा जुना नियम त्या एका वाटीत दिसतो.

चुन्याचं काम वेळ मागतं. भाजलेला कळीचा चुना खड्ड्यात भरपूर पाणी घालून विरवायचा, आधी पाणी आणि मग चुना, डोळे सांभाळून, कारण तो खदखदतो. किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली ठेवायचा, वर चार बोटं पाणी कायम. गाळून घेतला की लोण्यासारखा व्हायला हवा. बोटांना कण लागला तर तो कण पुढे भिंतीत फुलतो आणि गिलाव्याला टवका पाडतो. मग एक भाग चुन्याला दोन भाग वाळू आणि एक भाग सुरखी, म्हणजे विटांची पूड, चुन्याच्या घाण्यात चांगलं मळून. वाळू खाडीची असेल तर गोड्या पाण्यानं तीनदा धुवायची. धुतलेल्या वाळूवरचं पाणी ताटलीत सुकू द्यायचं, पांढरा पापुद्रा आला तर चौथ्यांदा धुवायची. हरड्याचं आणि गुळाचं पाणी घालायची रीत आहे. गूळ जास्त झाला तर चुना आवळायला उशीर लागतो आणि बुरशी येते.

सांधा छिन्नीनं हातानं मोकळा करायचा, रुंदीच्या दुप्पट खोल, ग्राइंडर लावायचा नाही, त्यानं चिऱ्याच्या कडा कापल्या जातात. आत पाणी मारून धूळ काढायची. एका वेळी बोटभर जाडीपेक्षा जास्त भरायचं नाही. मग ओलं गोणपाट लटकवून निदान दोन आठवडे ओल धरायची. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायॉक्साइड ओलीच्या मदतीनं शोषून घेऊन परत दगड होतो, आणि तेही महिन्याला मिलिमीटरभर आत. एप्रिलच्या उन्हात केलेलं काम वरून पांढरं आणि आतून पीठ राहतं. जूनमध्ये केलेलं वाहून जातं. ऑक्टोबरची उघडीप ते जानेवारी, एवढाच काय तो हंगाम.

पिंपळ उपटू नये. मुळासकट ओढला तर दोन-तीन चिरे घेऊनच येतो. बुंधा कापून खोडाला भोकं पाडून औषध भरायचं, पूर्ण मेल्यावरच त्या जागेचे दगड क्रमांक घालून, फोटो काढून उतरवायचे, मुळं साफ करायची आणि त्याच क्रमानं परत बसवायचे. संरक्षित स्मारकात यातलं काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगी लागते. गावातल्या माणसाला हा नियम जाचतो, त्याचं घर त्याच हद्दीत असतं. हे गाऱ्हाणं खरं आहे, आणि तटाची निगा राखायला गावातल्याच गवंड्यांना काम दिलं तर निम्मं तरी मिटेल.

सत्ता गेल्यावर तिच्या वस्तूंचं काय करायचं याचं एक उत्तर मराठ्यांनीच देऊन ठेवलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा घाटावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची, वाईजवळ मेणवलीची १७०७ ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, तसं केलं नाही. आणि त्यावरचं साल, त्यावरची मेरी खरवडूनही काढली नाही. घंटेवर ऑइलपेंट मात्र कधी लावू नये. दोन हातांत कोरीव अक्षरं बुजतात. घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांब्याला एक भाग कथील, काचेसारखा ठिसूळ, तडा गेला तर सहजी जोडता येत नाही. तपासायचा तो वरचा लोखंडी आकडा.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. गोव्याच्या नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचं, पोर्तुगीजांनी पाडलेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला ते बांधायला लावलं, आणि २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. पाडलेल्याची आठवण ठेवायची तर अशी ठेवावी, चुन्यात आणि पूजेत.

दिवाडीला जायची फेरी जुन्या गोव्यातून सुटते, आणि धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावं लागतं. गामाच्या पणतूनं, १५९७ ते १६०० व्हाइसरॉय असताना, पणजोबाच्या सफरीला शंभर वर्षं झाली म्हणून ती उभी केली. नदीकडच्या बाजूला गामाचा पुतळा आहे. दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेली एक बाई आणि तिच्या पायाखाली लोळवलेला इथला माणूस. आज दिसते ती कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. पुन्हा तेच, दादरा-नगरहवेली गेली तेच साल. ही कमान पाडू नये आणि तो गामा संग्रहालयातही नेऊ नये. दोन्ही बाजू एकत्र, एकाच दगडात दिसतात अशी जागा दुसरी नाही. तिला हवा आहे फक्त एक फलक. कमानीच्या दगडात खिळे मारून नव्हे, शेजारी वेगळ्या खांबावर, छातीच्या उंचीला किंचित तिरका. खाऱ्या हवेत साधं स्टील दोन वर्षांत डागाळतं, म्हणून ३१६ दर्जाचं स्टेनलेस किंवा सरळ काळा दगड, अक्षरं खोदलेली, अर्ध्या इंचाहून लहान नाहीत. कोंकणी, मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी. पहिल्या ओळीत १९५४. दुसऱ्या ओळीत कमान कुणी आणि कशासाठी बांधली ते. तिसऱ्या ओळीत कार्ताझवर काय काय लिहिलं जायचं ते सगळं, नाखव्याच्या नावापासून मिरीच्या बंदीपर्यंत. चौथ्या ओळीत समोरच्या बेटावर कुठलं देऊळ होतं ते. फेरी पलीकडून येऊन लागेपर्यंत एवढं वाचून होतं.